बारावी खुर्ची

फिले,

पवित्र गुरुवारी तुझा फोटो खुर्चीवर ठेवायचा, असा ठराव आपल्या चर्चच्या पॅरिश कौन्सिलमध्ये एकमतानं पास झाला. एकानंही हात खाली ठेवला नाही. त्या खोलीत तुझ्या नावावर एकमत व्हायला तुला आधी मरावं लागलं.

आज शनिवार. शुक्रवारी प्रभू मेला, रविवारी उठणार, त्यामधला दिवस. वेदीवरचं कापड काढलेलं, दिवा विझवलेला, मिस्सा नाही. तू म्हणायचीस, वर्षातून या एकाच दिवशी चर्च खरं बोलतं, कारण गप्प असतं. मी तुझ्या घरात, तुझ्याच कॉटवर बसून लिहितेय. तुझी आई, आपल्या काकू, शेडवर गेल्यात. होय, आजसुद्धा. तासगावात बेदाण्याचा हंगाम भरात आहे आणि बेदाणा कुणाच्या मयतासाठी थांबत नाही.

पॅरिशच्या अंकात तुझ्यावर लिहायला मला सांगितलंय, कारण आपल्या घरांत कॉलेज बघितलेली मी पहिली. हे मी दहा जणांत ताठ मानेनं सांगते आणि तू दर वेळी चिडवायचीस, "आली बघा डिग्रीवाली!" तू बारावीनंतर शाळा सोडलीस आणि नंतर इंग्रजीतली जाडजूड धर्मशास्त्राची पुस्तकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलीस. मी शिरवळच्या कंपनीत लाईनवर उभी, आणि तुझा फोन. "साबे, इन्क्लुझिव्हला मराठीत काय म्हणायचं गं?" मी म्हणायचे, सर्वसमावेशक. तू म्हणायचीस, "छ्या, असं कोण बोलतंय का? आमच्या शेडवर काय सांगू मी?" दोन दिवसांनी परत फोन. "सापडलं. सगळ्यांना पंगतीत घेणारा." बी.एस्सी.च्या तीन वर्षांत मला असा एक शब्द सुचला नव्हता.

पाचगणीच्या युवा शिबिरातली ती सकाळ आठवते का? प्रार्थना चालवायची पाळी तुझी होती. तू डोळे मिटून सुरुवात केलीस, "हे आमच्या स्वर्गातल्या आई". मागच्या रांगेतली पोरं फिसकन हसली. एकजण म्हणाला, "मग बाप कुठं गेला? दारूच्या दुकानात?" तू डोळे उघडलेस, त्याच्याकडं बघितलंस आणि साध्या आवाजात म्हणालीस, "आमचा तर तिथंच असायचा. तिथंच गेला." तू परत डोळे मिटलेस आणि प्रार्थना पुरी केलीस. नंतर त्यातलीच दोन पोरं तुझ्या युवा ग्रुपमध्ये आली. मला मात्र ती आई जड गेली, अजून जाते. मी नुसतं "देवा" म्हणते आणि पुढं जाते. हे आपलं भांडण अर्धंच राहिलं.

पण खरं भांडण खुर्च्यांचं.

क्रूसावर जायच्या आदल्या संध्याकाळी येशूनं शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी फादर बारा जणांसमोर गुडघे टेकून त्यांचे पाय धुतात. वेदीपुढं बारा खुर्च्या मांडतात. बाराही पुरुष. बायकांना बसवायला रोमची परवानगी येऊन वर्षं झाली, पण ती आपल्याकडं एस.टी.नं येत असावी आणि कराडच्या स्टँडवर गाडी चुकली असावी. बारातल्या पहिल्या खुर्चीचा मान अंतूमामांचा. पलटणीतून सुभेदार होऊन रिटायर झालेले, कौन्सिलचे प्रमुख. मामा घरी वजरीनं टाचा घासून, पावडर लावून, नवे मोजे घालून येतात. तू तोंडावर म्हणाली होतीस, "मामा, फादरला काय तरी काम ठेवा की."

कौन्सिलच्या बैठकीत तू उभी राहिलीस. "बारापैकी सहा बायका बसवूया."

"हे बघ पोरी," मामा म्हणाले, "डिसिप्लिन म्हणून काही चीज असते. येशूचे बारा शिष्य गडी होते का बाया?"

"गडी होते मामा. आणि समदे यहुदी होते. तुमी कवा झालासा?"

अख्खी खोली हसली, मामासुद्धा हसले. खुर्ची मात्र मिळाली नाही. फादर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." फादर वाईट माणूस नाही, हे तूच मला सांगायचीस. ते घाबरट आहेत, आणि घाबरट माणसाचं पुढचं वर्ष कधी उगवत नाही, हे मी तुला सांगायचे.

तुला वाटायचं अडचण गड्यांची आहे. म्हणून तू बायका तयार करायला शेडवर गेलीस. मी सुट्टीवर होते, तुझ्यासोबत आले. जाळ्यांवर वाळून उतरलेला माल समोर ओतलेला, भोवती बायका मांडी घालून निवडत बसलेल्या, बेदाण्याला दिलेल्या गंधकाच्या धुरीचा वास नाकात. त्यात तुझी आई. आपली लुसाबाई.

"आये, पहिल्या खुर्चीवर तू बसायचं."

"मी? येड लागलंय काय तुला? माज्या पायाला फादरनी हात लावायचा? किडं पडतील मला."

"अंतूमामाच्या पायाला लावत्यात ते?"

"त्यो गडी हाय. आनि मी बिननवऱ्याची बाई. हळदीकुंकवाला शेजारीन बोलवत न्हाई मला, आनि वेदीफुडं कोन बसवतंय!"

आटपाडीहून हंगामाला आलेली एकजण म्हणाली, "आनि फिलाक्का, आमच्या भेगा बगितल्यास का? त्यात बेदाना अडकलाय निम्मा. फादरला निवडत बसावं लागंल." बायका हसून लोळल्या. ती ख्रिस्ती नव्हती, तरी तुझ्या सहांत तिचंही नाव होतं. भेगा बघून धर्म कळत नाही, असं तू म्हणायचीस. फादरना हे अजून कुणी सांगितलेलं नाही. आता इथं वाचतील.

मग काकूंनी हातातला बेदाणा खाली ठेवला आणि स्वतःच्या लग्नाचं सांगितलं. आपल्यात लग्नात जावयाचे पाय धुतात, तो बाप्तिस्म्याआधीचा रिवाज बाप्तिस्म्यानंतरही सुटला नाही.

"माज्या लग्नात माज्या बापानं तुज्या बापाचं पाय धुतलं. पितळी परात, नवा टावेल. म्हातारा वाकला तवा कंबर धरली त्येची. त्या दिसापासनं तुजा बाप मरूस्तवर पाय फुडं करूनच बसला. पानी दे, जेवाय दे, पाय चेप. पाय धुतलं की मानूस बिघडतंय बग फिले. मला न्हाई बिघडायचं."

परत येताना तू गाडी चालवत होतीस, मी मागं बसलेले. मग म्हणालीस, "आईनं समदी पुस्तकं उलटी केली गं."

मी संधी सोडली नाही. म्हटलं, "बरं केलं. तू पायांच्या मागं का लागलीयस? शेडवर संडास नाही. बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, पोट धरून बसतात. ते सोडून तुला खुर्ची पाहिजे."

"दोन्ही एकच भांडण हाय."

"एकच कसं?"

"बाईचं अंग कुणाला दिसतच न्हाई साबे. ना मालकाला, ना फादरला. वाकून बगितल्याशिवाय दिसायचं न्हाई."

मी म्हटलं, हे भाषण झालं. तू म्हणालीस, उतर माझ्या गाडीवरनं. मी उतरले नाही.

आणि तरी संडास तूच बांधून घेतलास. शेडमालकाच्या दारात तू किती हेलपाटे मारलेस देव जाणे. एकदा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमचा येशू लय चमत्कार करतो म्हनं. सांगा की त्याला बांधायला."

"सांगितलंय," तू म्हणालीस. "सुतार हाय त्यो, दार बसवून देतो म्हणाला. भिंती तेवढ्या तुमी घाला."

पुढच्या हंगामाला पत्र्याच्या भिंती उभ्या राहिल्या. दार तू वर्गणी काढून बसवलंस, आतून कडी लागणारं. माझ्या मते तुझं सगळ्यात मोठं धर्मकार्य ते दार. तुझ्या मते खुर्ची. मी माझं मत बदललेलं नाही. मेलेल्या माणसाचं म्हणणं लगेच खरं ठरवायचं, ही आपल्याकडची सवय मला आवडत नाही.

त्याच शेडवरून तू परत येत होतीस. दिवस बुडायला आला होता. उसानं भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी, मागं दिवा नाही, लाल कापडसुद्धा नाही. बाकीचं मी लिहिणार नाही. मला कंपनीत फोन आला तेव्हा हातमोजे घातलेले होते आणि फोन घसरून खाली पडला. सातारा, कराड, करत मी पोचले. बसमध्ये शेजारची बाई विचारत होती, कुठं निघालीस पोरी, आणि माझ्या तोंडून निघालं, मैत्रिणीकडं. खोटं नव्हतं ते.

दवाखान्यातून तुला आणलं तेव्हा सांगून दिलं होतं, कापड सोडू नका, चेहरा दाखवण्यासारखा नाही. गल्लीतल्या बायकांनी पाणी तापवलं होतं. शेवटची आंघोळ कशी घालायची, कुणाला कळेना. तुझे पाय तेवढे बाहेर होते. चादर आखूड पडली होती. काकू पायथ्याशी बसल्या. तांब्या घेतला, साबण घेतला. आधी उजवा पाय, मग डावा. बोटांच्या बेचक्यांत बोटं घालून, तू लहान असताना धूत असतील तसे. डाव्या अंगठ्यावर अर्धं खरवडलेलं नेलपॉलिश होतं, ते नखानं काढायला बघत होत्या. निघेना. अंतूमामा दारातून म्हणाले, "लुसाबाई, फादर थांबलेत."

"थांबू द्या," काकू म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून कुठल्याही फादरबद्दल असा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता.

त्यानंतर तो ठराव. बारापैकी एक खुर्ची फिलोमिनाच्या स्मरणार्थ. तीवर फोटो, फोटोला गुलाबाचा हार. फादर बाकीच्या अकरा जणांचे पाय धुतील आणि बाराव्या खुर्चीवर फूल वाहतील. मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बघ साबीना, तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं शेवटी मान्य केलं आम्ही. एक बाई बसली." त्यांना खरंच तसं वाटत होतं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी म्हटलं, "मामा, ही बाई तुम्हाला सोपी आहे. ही बोलत नाही." ते निघून गेले. गुरुवारच्या मिस्सेत मला बायबलमधलं दुसरं वाचन दिलं होतं, या बोलण्यानंतरही ते मी काढून घेऊ दिलं नाही.

गुरुवारी चर्च भरलं होतं. शेडवरच्या बायका कामावरून परस्पर आल्या होत्या, अंगाला गंधकाचा वास. काकू बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून. फादरनी प्रवचनात तुझ्याबद्दल चांगलं सांगितलं. आपल्या पॅरिशची कन्या म्हणाले, सेवाभावी म्हणाले. तू काय मागत होतीस, ते म्हणाले नाहीत. मग पांढरा टॉवेल कमरेला बांधला आणि गुडघे टेकत एकेका खुर्चीपुढून सरकत आले. यंदा पहिली खुर्ची सोडून मामा तुझ्या शेजारी, अकराव्या खुर्चीवर बसले होते. त्यांचे पाय धुऊन झाले. फादर उठले आणि तबकातलं फूल घेतलं.

काकू उठल्या. मला वाटलं, रडू आवरेना म्हणून बाहेर चालल्यात. त्या सरळ वेदीकडं गेल्या. खुर्चीवरून तुझा फोटो उचलला, कुठं ठेवावा म्हणून इकडंतिकडं बघितलं आणि अंतूमामांच्या हातात दिला. "धरा जरा." मामांनी धरला. न धरून सांगतात कुणाला? ओले पाय, मांडीवर हार घातलेली तू.

आणि काकू बसल्या. लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं.

फादर अगदी हळू आवाजात म्हणाले, "लुसाबाई, ही जागा फिलोमिनाची आहे."

"व्हय," काकू म्हणाल्या. "पर फोटूला पाय असत्यात का फादर?"

गाणारी पोरं थांबली. फादर फूल घेऊन तसेच उभे. मी माइकजवळ होते, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. खरं सांगते, मला वाटलं ते आता "पुढच्या वर्षी" म्हणतील. मागून दोन घरं उठली आणि बाहेर गेली, बाकं सरकल्याचा आवाज झाला. मग फादरनी फूल तबकात परत ठेवलं. वाकले. आधी एक गुडघा, मग दुसरा. काकूंच्या टाचा काळ्या, उलून गेलेल्या, आणि फादरनी त्यावर पाणी ओतलं. काकू त्यांच्याकडं बघत नव्हत्या. कुणाकडंच बघत नव्हत्या. मामांच्या मांडीवरचा फोटो हलत होता.

इथंच थांबले असते तर गोष्ट चांगली झाली असती. पण तुला पुढचंही सांगायला हवं. शुक्रवारी सकाळी बिशपांकडे तक्रार गेली म्हणतात. विधीचा तमाशा केला, मयताच्या घरच्या बाईला पुढं करून काही जणींनी डाव साधला, असं त्यात आहे. काही जणी म्हणजे मी. फादरची बदली होईल, असंही बोलतात. ते काल क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेत सारखे ओळी चुकत होते. पुढच्या वर्षी नवे फादर येतील आणि बारा खुर्च्यांवर परत वजरीनं घासलेले पायांचे बारा जोड येऊन बसतील, असं मला वाटतं. तुझ्या ग्रुपमधल्या पोरी माझ्या भोवती जमल्या आणि विचारायला लागल्या, आता काय करायचं? मला माहीत नाही फिले. मी सोमवारी शिरवळला परत जाणार. ते सगळं तुला माहीत होतं. मला नाही.

गुरुवारी घरी परतताना काकू आणि मी दोघीच होतो. त्यांनी फोटो पदरात गुंडाळून छातीशी धरला होता. मला राहवलं नाही. "काकू, कसं वाटलं?"

त्यांनी फोटोवरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "पानी लय गार हुतं."

आणखी थोडं चालल्यावर थांबल्या. "साबे, तू लिवनार हायस न्हवं तिच्याबद्दल?"

"हो."

"मग एक लिव. समदी आता म्हनत्यात, लुसाबाईनं पोरीची विच्छा पुरी केली. तसलं काय लिवू नगंस. ती जिती असती आनि माज्या हाताला धरून तितं न्हेली असती, पाया पडली असती, तरी मी बसले नसते. ती मेली म्हनून बसले. येवडं खरं लिव."

लिहिलं. त्यातला एक शब्द मी गोड केलेला नाही. तू असतीस तर हे ऐकून आधी रडली असतीस, मग पदर खोचून आईशी भांडायला उठली असतीस.

ऊठ की गं.